'आईला सांगू नको' म्हणणारा मित्र

मैत्रिणींनो, पुसद तालुक्यातलं बान्सी हे गाव तुमच्यापैकी पुष्कळजणींनी नकाशावरही पाहिलं नसेल. आमच्या बार्शीटाकळीहून वाशीम मागे टाकून पुढे गेलं की पुसदचा मुलूख लागतो, त्या बाजूचं हे गाव. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने एक ठराव केला: अठरा वर्षांखालच्या मुलामुलींनी मोबाइल वापरायचा नाही, नियम मोडला तर २०० रुपये दंड. वर्तमानपत्रांत बातमी आली आणि आमच्या गल्लीतल्या बायका ती वाचून एकमुखाने म्हणाल्या, "असंच पाह्यजे बाप्पा! आपल्या गावातबी करा म्हना कोनी."

हे इतकं मनापासून का निघालं ते शोधायला लांब जायला नको. मार्च २०२० मध्ये कोरोनाने शाळा बंद झाल्या आणि तोवर ज्या वस्तूला "हात लावू नको" म्हणत होतो तीच वस्तू आपण स्वतःच्या हाताने लेकरांना दिली. अभ्यास मोबाइलवर, गृहपाठाचा फोटो मोबाइलवर, परीक्षासुद्धा मोबाइलवर. कित्येक घरांत त्यासाठी हप्त्यावर मोबाइल घेतले गेले. पुढे शाळा उघडल्या, फळा-खडू परत आला, पण मोबाइल काही कपाटात परत गेला नाही. मी अर्धा दिवस शाळेत शिकवते. पहिलीत आलेल्या मुलाला 'क'ची गाठ मारता येत नाही, पण जाहिरात कुठे दाबली की पुढे ढकलता येते हे त्याला बरोबर ठाऊक असतं.

आणि आपल्या वऱ्हाडची एक अडचण आहे, जी पुण्या-मुंबईकडच्या लेखांत सापडत नाही. "मुलांना मैदानावर पाठवा म्हणजे मोबाइल सुटेल," असं तिकडच्या बाई लिहितात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच पोर दाराबाहेर काढणं म्हणजे ऊन लावून घेणं. खिडकीला वाळ्याचा कूलर, खाली सतरंजी, सतरंजीवर तीन पोरं आणि मधोमध एक मोबाइल, असा आमचा उन्हाळा असतो. म्हणून 'मोबाइल देऊच नका' हा सल्ला मी देणार नाही. दिलेला आहे. आता पुढचं बोलू.

बान्सीच्या आधी तीनच महिने सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावने वेगळा मार्ग धरला होता. ऑगस्ट २०२२ मध्ये स्वातंत्र्यदिनापासून तिथे रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की मोबाइल आणि टीव्ही बंद, साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत. मला त्यातली आवडलेली गोष्ट निराळीच आहे. सुरुवातीला गावातले पुरुष या कल्पनेला हसले. मग बायकांना एकत्र बोलावलं, आणि बायकांनी सरळ कबूल केलं की मालिका आणि मोबाइल आमचाही फार होतो, तेव्हा बंद करायचं तर सगळ्यांनीच करा. पुढे आशाताई, अंगणवाडीच्या बाई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरून आठवण देत. पोराला "ठेव तो मोबाइल" म्हणताना आपल्या हातात तोच असेल, तर पोर ऐकेल कसं? वडगावच्या बायकांनी ओळखलं ते हेच.

पण मैत्रिणींनो, भोंगा काय किंवा दंड काय, त्यातून तास कमी होतात. अभ्यास होतो, घरात चार शब्द बोलले जातात, हे सगळं चांगलंच आहे. मुलाची राखण मात्र वेगळी गोष्ट आहे. दीड तास बंद ठेवलेल्या मोबाइलवर उरलेल्या वेळात कोण भेटतं, काय बोलतं, काय मागतं, हे भोंग्याला कळत नाही. आणि बंदीचा धाक जितका मोठा, तितकं पोर लपूनछपून बघायला शिकतं, हेही आपण जाणतोच. चिंचा खायला बंदी केली तर पोरं फ्रॉकच्या खिशात लपवतात, तशातलं.

परक्या माणसाची भीती आपल्याला नाही असं नाही. उलट फार आहे, फक्त ती चुकीच्या दारावर पहारा देते. १ जुलै २०१८ हा दिवस आठवतो का? धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजारात भिक्षुकीसाठी आलेल्या पाच जणांना 'मुलं पळवणारे' समजून जमावाने ठार केलं. सोलापूर जिल्ह्यातली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची गरीब माणसं होती ती. कोणाचं मूल त्यांनी पळवलं नव्हतं. त्या वर्षी 'पोरं पळवणारी टोळी आली आहे' असे निरोप व्हॉट्सॲपवर देशभर फिरत होते. त्यातली एक चित्रफीत तर मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्याच सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. मोटारसायकलवाला मुलाला परत आणून सोडतो तो शेवट कापून ती पसरवली गेली. तसले निरोप पुढे पाठवणाऱ्यांत आपल्यासारख्या आयाही असणारच. लेकराच्या काळजीनेच पाठवले असतील. पण झोळीवाल्या माणसाकडे संशयाने पाहणारी आई घरातल्या पोराच्या हातातल्या खेळाकडे पाहत नाही. आणि परका माणूस आता येतो तो तिथून.

माझ्या ओळखीच्या एका घरात गेल्या उन्हाळ्यात घडलेलं सांगते. गावाचं नाव सांगत नाही. नऊ वर्षांची मुलगी, आईच्या मोबाइलवर घर सजवायचा खेळ खेळायची. सोफा कुठे, पडदे कोणत्या रंगाचे, कुंड्या किती, असला निरुपद्रवी खेळ. त्यात खालच्या कोपऱ्यात एक चौकट होती, खेळणाऱ्यांनी एकमेकांशी बोलण्यासाठी. आईला ती चौकट दिसलीही नव्हती. तिथे एक मैत्रीण भेटली. "मी पण चौथीत आहे, तुझं घर किती छान सजवलंस!" मग तिने खेळातली नाणी भेट दिली. मग शाळा कोणती, ड्रेसचा रंग कोणता, घरी कोण कोण असतं. चार-पाच दिवसांनी, "इथे सगळे वाचतात, आईचा व्हॉट्सॲप नंबर दे ना. आई स्वयंपाकात असते तेव्हा बोलू." मग शाळेच्या ड्रेसमधला एक फोटो. तो गेला. त्यानंतर दुसरा फोटो हवा होता, कसला ते तुम्ही समजून घ्या. आणि त्याच्यासोबत वाक्य, "हे आपलं गुपित. आईला सांगू नको, नाहीतर ती मोबाइल काढून घेईल."

मुलगी आईजवळ आली. आई भाकऱ्या थापत होती. "आई, गुपित आईपासूनपण असते का?"

त्या बाईने काय केलं बघा. गॅस बंद केला, हात पुसले, खाली बसली आणि म्हणाली, "दाखव बरं मले." सगळं वाचलं. मग लेकीला जवळ घेऊन, "चांगलं केलं तू, मले सांगितलं." एवढंच. मला नंतर म्हणाली, "माहे हात कापत होते, पन पोरीसमोर म्या आवाज नाई चढू देला." त्या चौथीतल्या 'मैत्रिणी'चे निरोप रात्री दीडलाही आलेले होते. चौथीतली कोणती मुलगी रात्री दीडला जागी असते?

हे प्रकरण तिथेच थांबलं, कारण मुलीने विचारलं. पण त्या माणसाची चाल नीट पाहून ठेवा, कारण ती थोड्याफार फरकाने सगळीकडे हीच असते. आधी कौतुक. मग भेट. मग चार जणांच्या नजरेतून बाजूला नेणं. मग गुपित. मग फोटो. आणि फोटो हाती लागला की धमकी, "आणखी पाठव, नाहीतर हा तुझ्या शाळेत दाखवीन." हे एका दिवसात होत नाही, कधी आठवडे लागतात, आणि धमकीच्या आधीच्या साऱ्या पायऱ्या मुलाला गोडच वाटतात. म्हणूनच "अनोळखी माणसाशी बोलू नको" हे वाक्य इथे उपयोगी पडत नाही. पाच दिवस रोज गप्पा मारणारी मैत्रीण मुलाच्या लेखी अनोळखी राहतच नाही.

आणि त्याचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. "आई मोबाइल काढून घेईल." हे त्याने कुठून आणलं? आपल्याच घरातून! "पुन्हा हातात दिसला तर फोडून टाकीन," "बाबांना येऊ दे, दाखवते तुला," असं दिवसातून चारदा म्हणत नाही अशी आई मला दाखवा. त्या माणसाला वेगळं कुलूप आणावं लागत नाही. आपण रागाच्या भरात पोराच्या तोंडाला लावलेलं कुलूप तो वापरतो. पोराला त्या माणसाची भीती नंतर वाटते, आपली आधी वाटते.

याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. सहावीतला एक मुलगा, वडिलांच्या मोबाइलवर बंदुकीचा खेळ खेळणारा. खेळातल्या गड्याला नवे कपडे, नवी बंदूक हवी म्हणून ऐंशी रुपये, दीडशे रुपये असे तो देत गेला. वडिलांचा पिन त्याला पाठ होता. किराणा आणायला त्यालाच पाठवत ना! सोयाबीन विकून आलेले पैसे खात्यात होते. महिन्याभराने अकरा-बारा हजार कमी दिसले. वडील बँकेत जाऊन भांडले, मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोरावर संशय घेतला, आणि इकडे मुलगा जेवेना, शाळेत कोणाशी बोलेना. त्याला सांगायचं होतं, पण घरात पट्टा कुठे टांगलेला असतो हेही त्याला ठाऊक होतं. पैशांवर निभावलं म्हणून बरं. कोणी त्याला धमकावत असतं, तरी तो इतकाच गप्प राहिला असता.

म्हणून पहिलं काम मोबाइलमधलं नाही. आज रात्री जेवणं झाल्यावर मुलाला जवळ बसवून सरळ सांगा, "मोबाइलवर कोणी वाईट दाखवलं, फोटो मागितला, घाबरवलं, किंवा तुझ्या हातून काही चुकीचं दाबलं गेलं, तर मला येऊन सांग. मी रागावणार नाही. सांगितलंस म्हणून मोबाइल काढून घेणार नाही." आणि हा शब्द पाळायचा. पोर पहिल्यांदा एखादी क्षुल्लक गोष्ट सांगून आपली परीक्षा बघतं, बरं का! "आई, एक घाणेरडी जाहिरात आली होती." त्या वेळी आपण कपाळाला हात लावला, तर पुढची मोठी गोष्ट आपल्यापर्यंत येत नाही. घरातल्या इतरांनाही हे सांगून ठेवा. आईने शब्द द्यायचा आणि बाबांनी तो मोडायचा, असं झालं तर पोर दोघांपासून दूर होईल. आजीला तर जरूर सामील करा. पुष्कळ लेकरं आईआधी आजीजवळ बोलतात.

लहान मुलांना 'सावध राहा' कळत नाही, पण गंमत आणि गुपित यातला फरक कळतो. बाबांच्या वाढदिवसाला काय आणलं ती गंमत. दोन दिवस लपवायची आणि मग सगळ्यांनी मिळून हसायचं. जे आईला कधीच सांगायचं नाही असं कोणी म्हणतं ते गुपित. ते त्याच दिवशी सांगायचं. मी दुसरीच्या वर्गात हे सांगते तेव्हा पोरं स्वतःच उदाहरणं देतात, आणि कधीकधी त्या उदाहरणांतून आपल्याला जे कळायला हवं ते कळतं.

आता मोबाइलकडे वळू. "मले काई समजत नाई त्यातलं, पोट्टंच मले शिकवते," असं म्हणून सुटका करून घेऊ नका. शिलाई मशीनचा दोरा ओवता येतो तिला हे नक्की येतं. फक्त मोबाइल शॉपीतल्या पोराकडून पासवर्ड टाकून घेऊ नका; तो आपणच टाकायचा, आणि मुलाच्या वाढदिवसाची तारीख टाकायची नाही, कारण तीच तो पहिल्यांदा दाबून बघतो.

पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला गाणी-गोष्टी दाखवायच्या तर नेहमीचं यूट्यूब न देता 'यूट्यूब किड्स' द्या. तेही अगदी गाळून घेतलेलं दूध आहे असं समजू नका, म्हणून मोबाइल स्वयंपाकघरातून दिसेल अशा जागी, आवाज मोठा. कानात घालायचं यंत्र लहान मुलांना नकोच. काय चाललंय ते आपल्या कानावर पडत राहिलं की निम्मं काम होतं. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो ती 'ऑटोप्ले'ची सोय बंद करा. गणपतीच्या गोष्टीवरून सुरू झालेलं पोर अर्ध्या तासात कुठे पोचतं ते आपण पाहिलंच आहे. अँड्रॉइडच्या बहुतेक मोबाइलमध्ये सुरक्षेच्या सेटिंगमध्ये 'ॲप पिनिंग' नावाची एक सोय असते. ती चालू केली की जे उघडून दिलं तेवढंच उघडं राहतं. पिन टाकल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. भाजी फोडणीला टाकताना पोराला दहा मिनिटं मोबाइल द्यावा लागतो, त्या वेळी ही सोय फार कामाची.

मूल मोठं असेल, त्याचा वेगळा मोबाइल असेल, तर गुगलचं 'फॅमिली लिंक' बसवा. त्याने नवीन खेळ घ्यायचा म्हटलं की परवानगी आपल्या मोबाइलवर मागितली जाते, आणि रात्री ठरल्या वेळी त्याचा मोबाइल बंद होतो. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागेल असं करून ठेवा. यूपीआयचा पिन मुलांसमोर दाबू नका. आणि 'यूपीआय लाइट' चालू असेल तर छोट्या रकमांना पिन विचारतच नाही, हे पुष्कळजणींना माहीत नसतं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, ते योग्यच झालं. पण खेळातल्या गड्याला कपडे घेणं म्हणजे पैसे लावणं नव्हे, तेव्हा त्या सहावीतल्या मुलासारखे प्रकार त्याने थांबतील असं समजू नका.

व्हॉट्सॲपमध्ये प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये जाऊन आपल्याला कोण ग्रुपमध्ये घालू शकतं तिथे फक्त ओळखीचे ठेवा, डीपीही ओळखीच्यांनाच दिसेल असा ठेवा, आणि अनोळखी फोन गप्प करायची सोय चालू करा. तो मोबाइल आपला असला तरी वाजतो तेव्हा बहुधा पोराच्या हातात असतो. कोणताही नवा खेळ दिला की पहिल्या दिवशी त्याच्याजवळ बसून स्वतः एकदा खेळा, आणि ती बोलायची चौकट शोधून बंद करा. बंद होत नसेल तर तो खेळ लहान मुलाचा नाही.

वयाचंही एक. व्हॉट्सॲपला, इन्स्टाग्रामला तेरा वर्षं पुरी लागतात. इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२५ पासून आपल्याकडेही किशोरवयीन मुलांसाठी वेगळी खाती सुरू केली; त्यात अनोळखी माणसाला थेट निरोप पाठवता येत नाही. पण जन्मसाल खोटं टाकलं की या सगळ्या सोयी वाया. आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलाचं जन्मसाल खोटं टाकून खातं उघडून देतं कोण? मामा, काका, कधी आईच. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना अशी खाती ठेवायला बंदी आली. तिथे आईबापांना दंड नाही, मुलांना नाही. मुलांना आत येऊ देणाऱ्या कंपनीला जवळजवळ पाच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड. बान्सीचे २०० रुपये शेवटी घरच्याच खिशातून जायचे. दंड कोणाच्या दारी न्यायचा हे मला तिकडचं जास्त पटतं. आपल्याकडेही २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची खरी संमती घेणं कंपन्यांवर बंधनकारक केलं आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदींच्या तयारीला कंपन्यांना अठरा महिने दिले. तोवर आपलं घर आपणच सांभाळायचं.

थोडं आपल्या स्वतःच्या स्टेटसबद्दल, आणि ते वाचून रागावू नका. जूनमध्ये शाळेचा पहिला दिवस असतो. ड्रेस, दप्तर, गळ्यात ओळखपत्र, मागे शाळेची पाटी, असा फोटो आपण हौसेने लावतो. परक्या माणसाने पाच दिवस खपून जे विचारून काढलं असतं ते सगळं त्या एका फोटोत आलं. हौस करा, पण पाटी आणि ओळखपत्र कापून. बाळाला न्हाऊ घालतानाचे फोटो मात्र कोणालाच पाठवू नका, घरच्या ग्रुपवरसुद्धा नको. आपल्याला ते गोजिरं दिसतं. दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये गेल्यावर ते कुठे जातं यावर आपला हात राहत नाही.

आणि एवढं करूनही काही घडलंच तर? घाईने पुसून टाकू नका. शरमेने पहिला विचार तोच येतो, पण तो पुरावा असतो. निरोपांचे स्क्रीनशॉट घ्या, नंबर आणि नाव कागदावर लिहा, मग ब्लॉक करा. धमकीला पैसे देऊ नका, दुसरा फोटो तर नाहीच. एकदा दिलं की मागणी वाढते. मुलाचा नको तसला फोटो किंवा चित्रफीत असेल तर ती पुरावा म्हणूनसुद्धा कोणाला पुढे पाठवू नका, भावाला नाही, शिक्षकांना नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ब कलमाप्रमाणे तसं साहित्य पसरवणं हाच गुन्हा आहे. मोबाइल जसाच्या तसा घेऊन पोलिस ठाण्यात जा. घरबसल्या तक्रार करायची तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आहे. मुलांवरच्या अत्याचाराची तक्रार तिथे स्वतःचं नाव न देताही करता येते. पैसे गेले असतील तर १९३० या नंबरवर ताबडतोब, अगदी त्याच तासात. फोटो पसरण्याची भीती असेल तर 'टेक इट डाउन' नावाची एक मोफत सेवा आहे. तीत फोटो कोणाकडे पाठवावा लागत नाही. आपल्याच मोबाइलवर त्याची एक सांकेतिक खूण तयार होते आणि त्या खुणेवरून सेवेत सामील असलेल्या कंपन्या आपल्याकडचा तो फोटो शोधून काढून टाकतात.

पोलिसांचं नाव काढलं की घरातली वडीलधारी म्हणतात, "पोरीची जात आहे, चार लोकांत जाईल." त्यांना हे सांगा. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेला पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी दोघांसाठी आहे. जबाब मुलाच्या घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. मुलाला कोणत्याही कारणाने रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. नाव, फोटो, शाळा, पत्ता वर्तमानपत्रात छापायला मनाई आहे. हे हक्क आपल्याला माहीत असले की ठाण्याच्या पायरीवर पाय अडखळत नाही. एखाद्या ठिकाणी तसं होताना दिसलं नाही तर "साहेब, कायद्यात असं आहे," इतकं म्हणायचं धैर्य येतं.

शाळेतही विचारा. राज्य सरकारने मार्च २०२२ मध्ये शाळांमधून 'सखी सावित्री समिती' नेमायला सांगितलं आहे. पालकसभेत आपण गृहपाठ, फी आणि डब्याबद्दल विचारतो. एकदा हेही विचारा की समितीवर कोण आहे आणि शेवटची बैठक कधी झाली. दोन-तीनजणींनी मिळून विचारलं तर उत्तर लवकर मिळतं.

राहिला तो १०९८, मुलांसाठीचा मदतीचा नंबर. रात्री-अपरात्री, फुकट, आणि मूल स्वतःही लावू शकतं. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका उपक्रमातून, रस्त्यावरच्या मुलांसाठी तो सुरू झाला आणि मग देशभर गेला. २०२३ पासून तो सरकारच्या ११२ या आपत्कालीन नंबराशी जोडला गेला. आमच्या बार्शीटाकळीच्या बायकांना हा आकडा पाठ करायला सगळ्यांत सोपा. आमच्या कालंका देवीच्या हेमाडपंती देवळातला शिलालेख शके १०९८ चा आहे, म्हणजे इसवी सन ११७६. नवरात्रात दर्शनाला जातो तेव्हा पोरांना तो दाखवा, आकडा डोक्यात बसतो. तुमच्या गावी असा शिलालेख नसेल तर दहा, नऊ, आठ असे उलटे आकडे म्हणायला शिकवा. माझ्या वर्गातली पोरं तर ते तालावर म्हणतात. आणि नंबर मोबाइलमध्ये साठवून ठेवू नका, कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून धान्याच्या कोठीवर किंवा फ्रिजवर चिकटवा. ज्या दिवशी तो लागेल त्या दिवशी मोबाइल कदाचित मुलाच्या हातात नसेल, शेजारच्या काकूंचा मागावा लागेल.

मोबाइल समोर असल्याशिवाय घासच न गिळणाऱ्या मुलांबद्दल बऱ्याच भगिनींची पत्रं आली आहेत. जागा संपली, तो विषय पुढच्या अंकात घेऊ.